कॅपो लावला की सोपं जातं

२०२३ च्या जुलैत एका काकूंचा फोन आला. "तू गिटारी दुरुस्त करतोस ना? मग माझी विकून दे."

गिटारला झालंय काय, असं विचारलं.

"तिला काय व्हायचंय? नवी कोरी आहे. माझी बोटंच आता वाकत नाहीत. पंचावन्न पूर्ण झाली की रे."

मी पुण्यात गिटार शिकवतो, आणि शिकवण्याहून जास्त वेळ लोकांच्या गिटारी मांडीवर घेऊन बसतो. पन्नाशीत गिटार हातात घेणारे आणि पाच-सहा महिन्यांत ती कपाटावर चढवणारे पुष्कळ पाहिलेत. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय. एक तर यात मी पहिल्या दिवसापासून आकडे टिपून ठेवले होते. दुसरं म्हणजे मधे माझ्याच हातून एक चूक झाली, आणि ती पुण्यात राहून परदेशी व्हिडिओ बघत शिकलेल्या कुणाच्याही हातून होईल अशी आहे.

वस्तू आणि तक्रार

काकू बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. आई सतार वाजवायची. तिचा तंबोरा अजून घरात आहे, खोळ घालून कोपऱ्यात उभा. काकू स्वतः गातात, सूर काळी चार. फेब्रुवारीत वाढदिवसाला बंगळुरूच्या लेकाने ऑनलाइन मागवून गिटार पाठवली. नावाजलेल्या कंपनीची, अगदी सुरुवातीच्या मॉडेलपेक्षा दोन पायऱ्या वरची. वरचा टॉप स्प्रूसच्या सॉलिड फळीचा, पाठ आणि कुशी लॅमिनेटच्या, फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची पडदे बसवलेली पट्टी, शिसवीचा, तारा बाराच्या (हे जाडीचं माप).

आकार ड्रेडनॉट. हे नाव १९०६ सालच्या एका ब्रिटिश युद्धनौकेचं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन नावाच्या विक्रेत्यासाठी ही मोठ्या पोटाची गिटार पहिल्यांदा बनवली, आणि आज कुठल्याही दुकानात 'अकूस्टिक दाखवा' म्हटलं की हीच पुढे येते. खालचं पोट साडेपंधरा इंचांहून थोडं रुंदच. पाच फुटांच्या बाईने मऊ सोफ्यात रुतून ती कवेत घ्यायची, म्हणजे उजवा खांदा कानाला लागणार. लागतच होता. लेकाने आकार स्वतःच्या अंगाने निवडला होता, दुसरं काय!

मार्चपासून काकू जवळच्या एका क्लासला जात होत्या. मे संपेपर्यंत जी, सी, डी, ई मायनर या कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे गट, हाताखाली आल्या. एफ काही केल्या लागेना. पाऊस सुरू झाला तशी गिटार आणखी जड वाटायला लागली. क्लासमध्ये सांगितलं, रियाज वाढवा, बोटांना घट्टे पडू देत. हा सल्ला चुकीचा नाही. दहातल्या सात जणांना मीही हेच सांगतो. पण घट्टे काकूंना पडले होते, चांगले टणक. जूनच्या अखेरीस त्यांनी क्लास सोडला.

आणखी एक तक्रार होती, जी त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नाही, ओघात बोलून गेल्या. "ट्यूनर हिरवा दाखवतो, तरी ई मेजरमध्ये गांधार चढा लागतो. मी ती तार जराशी उतरवते. मग जी बिघडतो."

एक वाक्य

मी गिटार बघायला गेलो तेव्हा काकूंनी आधी चहा दिला आणि मग एक जुनं भावगीत गाऊन दाखवलं, स्वतः वाजवत. छान वाजवलं. काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि जीचा आकार धरायचा, की झाली काळी चार. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हार्मोनियमवर बोट ठेवून त्यांनीच शोधलं होतं.

"हे तर उत्तम वाजतंय," मी म्हटलं.

"गाते तेव्हा त्रास होत नाही रे. कॅपो लावला की सोपं जातं. क्लासचे धडे काढले की बोटं मोडतात."

मी कप खाली ठेवला. कॅपो काढून एफ धरायला सांगितला. चार तारा मुक्या. मग पहिल्या पडद्यावर कॅपो लावून तोच आकार एक घर पुढे धरायला लावला. सहापैकी पाच तारा वाजल्या. काकू माझ्याकडे बघायला लागल्या.

बोटं तीच, वय तेच, तारा त्याच. एका घराने पडदे थोडे जवळ आले, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. खरा फरक हा, की कॅपो लावल्यावर तार मानेच्या टोकाशी असलेल्या पांढऱ्या खाचांच्या पट्टीवरून, म्हणजे नटवरून, निघत नाही. ती कॅपोखालच्या पडद्यावरून निघते. नट खेळातून बाद होतो. कॅपोने दुखणं जात असेल, तर दुखणं नटमध्ये आहे.

कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम जरा उथळ ठेवतात. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या पडद्याला घासून झणझणते आणि गिटार परत येते. उथळ राहिली तर गिऱ्हाईक स्वतःच्या बोटांना दोष देतं. दुसरं स्वस्त पडतं. म्हणून मी म्हणतो की नवी गिटार अर्धीच तयार होऊन घरी येते. शेवटचे दोन-तीन तास तिच्यावर कुणीतरी बसायचे राहिलेले असतात.

एफ सगळ्यांत जास्त का नडतो, तेही यातच आलं. तो पहिल्या पडद्यावर, नटला अगदी चिकटून. तिथे तार जितकी उंच, तितकी ती दाबायला जड. शिवाय उंचावरून दाबलेली तार ताणली जाते आणि स्वर चढतो. ई मेजरमधला गांधार कुठे असतो? तिसऱ्या तारेच्या पहिल्याच पडद्यावर. काकूंचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला. त्यांना तो चढा लागणारच होता. ट्यूनर मोकळी तार मोजतो, दाबलेली नाही.

मोजमाप

मी काही करण्याआधी मोजतो. साधनं साधी आहेत: एक स्टीलची पट्टी, एक फिलर गेज (पूर्वी स्कूटरच्या सीबी पॉइंटचा गॅप बघायला गॅरेजमध्ये असायचा तोच, पात्यांचा जुडगा), आणि हवेतली आर्द्रता मोजणारा साधा डिजिटल हायग्रोमीटर. तारा गंजल्या होत्या, म्हणून आधी नव्या चढवल्या, पूर्वीच्याच मापाच्या, बरोबर सुरात आणल्या आणि गिटार एक रात्र तशीच ठेवली. ढिल्या तारांवर घेतलेलं माप निरुपयोगी असतं. बाराच्या संचाचा सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो. तो ताण असतानाच गिटारचा खरा आकार दिसतो.

दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलेलं असं:

खोलीतली आर्द्रता ८४ टक्के.
बाराव्या पडद्यावर सहावी तार ३.३ मिलिमीटर, पहिली २.५.
मानेचा बाक ०.३५.
नट: तिसऱ्या पडद्यावर तार दाबली असता पहिल्या पडद्यावर व्हिजिटिंग कार्ड आरामात जातं, सहाही तारांखाली.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाराव्या पडद्यावरच्या तारेच्या उंचीला सगळे अ‍ॅक्शन म्हणतात. सहावी तार २.४ आणि पहिली १.६ च्या आसपास असली की बहुतेकांचा हात सुखात राहतो. मानेला किंचित पुढे बाक हवाच, कारण तार मधे जास्त झुलते, पण ०.१ ते ०.३ पुरे. कॅपो पहिल्या पडद्यावर लावायचा, चौदाव्यावर सहावी तार दाबायची आणि सहाव्या-सातव्या पडद्यापाशी तारेखाली किती फट आहे ते बघायचं. नटशी मात्र, तिसऱ्या पडद्यावर दाबल्यावर, तार पहिल्या पडद्याला जवळजवळ टेकलेली हवी. बोटाने टिचकी मारली तर 'टिक्' असा बारीक आवाज यावा, इतकीच फट. कार्ड जातं म्हणजे भलतंच झालं.

मग स्टीलची पट्टी ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर जिथे तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, मागे टॉपवर आडवी ठेवली. ती डुगडुगत होती. मधे टॉप फुगलेला. सॉलिड टॉपला थोडी कमान जन्मजात असते, पण ही पावसाची होती. लाकूड दमट हवेत पाणी पितं आणि धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतं. कडा कुशीला चिकटवलेल्या असल्याने त्याला जायला एकच वाट, वर. टॉप वर आला की ब्रिज वर, ब्रिज वर आला की तारा वर. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, त्यातलाच प्रकार. लॅमिनेटमध्ये थरांचे धागे एकमेकांना छेद देऊन बसवलेले असल्याने ते एवढं हलत नाही. म्हणून पावसाळ्यात शेजारच्या मुलाची स्वस्त गिटार बरी वाजते आणि आपली महागडी रुसते.

काम, आणि चूक

नटपासून सुरुवात केली. नटच्या खास कानशी मिळतात, पण महाग. मी बरीच वर्षं गॅस वेल्डिंगचे टिप क्लीनर वापरले. जाडीप्रमाणे बारीक काटेरी तारांचा संच असतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. खाच खुंट्यांच्या बाजूला उतरती ठेवायची आणि दोन-तीन घासांनंतर दर वेळी तार बसवून बघायची. घाई केली की एका घासात काम बिघडतं. बिघडलं तर खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू भरून खाच पुन्हा कोरता येते, पण ती वेळ आणू नये. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचांत फिरवलं. पिळताना तार अडकून 'टक' करून सुटायची ते थांबलं.

मानेच्या आतली धातूची कांडी, म्हणजे ट्रस रॉड, अ‍ॅलन कीने पाव फेरा घट्ट केला. बाक ०.२ वर आला. इथे एक सांगून ठेवतो: ट्रस रॉड मान सरळ करण्यासाठी असतो, तारा खाली आणण्यासाठी नाही. हे माहीत नसलेल्यांनी पिळून पिळून आटे घालवलेले रॉड माझ्याकडे येतात, आणि तेव्हा मी फारसं काही करू शकत नाही.

एवढ्यावर अ‍ॅक्शन ३.२ आणि २.४ झाली. एफ लागायला लागला होता, काकू खूश होत्या. इथे मी थांबायला हवं होतं.

पण २.४ आणि १.६ हे आकडे डोक्यात बसलेले. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती पांढरी पट्टी, मी काढली. सॅडल जितकी घासाल त्याच्या निम्मी अ‍ॅक्शन बाराव्या पडद्यावर उतरते. मला ०.७ उतरवायची होती, म्हणून खालच्या बाजूला पेन्सिलीने १.४ ची रेघ मारली, काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि रेघेपर्यंत घासली. मग २.५ आणि १.७. काकूंनी एफ धरला, सहाही तारा वाजल्या. त्यांनी पुन्हा धरला. मग उठून आत गेल्या आणि बंगळुरूला फोन लावला. मी दीड हजार रुपये घेऊन घरी आलो, आणि संध्याकाळभर स्वतःवर खूश होतो.

८४ टक्के हा आकडा माझ्याच अक्षरात वहीत पहिल्या ओळीवर होता. तो लिहिला आणि विसरलो. फुगलेल्या टॉपच्या मापाने मी सॅडल कापली होती.

गांधाराचा उरलेला अर्धा भाग

ऑगस्टमध्ये काकूंचा पुन्हा फोन. ई मेजर पूर्वीपेक्षा खूप बरा, पण गांधार अजून 'किंचित वर'. या वेळी गिटार निर्दोष होती. मी त्यांना तंबोरा काढायला सांगितला.

तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप कानाला ऐकू येतो तो स्वयंभू गांधार. गिटारचे पडदे मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले. त्यातला गांधार स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. हार्मोनियमचीही हीच गत, आणि गाण्यातल्या जुन्या मंडळींचा पेटीवरचा रोष काही अंशी याचाच. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दाराबाहेर ठेवलं होतं. काकू तिसरी तार उतरवून ई मेजरचा गांधार गोड करायच्या, पण तीच मोकळी तार जी मेजरचा षड्ज. तो उतरला की घरच पडलं. एका जागी सूर मिळवला की दुसऱ्या जागी तुटतो; गिटारचा हा करारच आहे, सगळ्या कॉर्डमध्ये थोडं थोडं सोसायचं.

पण काळी चारमध्ये गाणारीला सगळ्या कॉर्ड कुठे लागतात? त्यांची बहुतेक गाणी जीच्या आकारात, पहिल्या पडद्यावर कॅपो. तिथे गांधार म्हणजे दुसरी मोकळी तार, आणि पहिल्या तारेचा षड्ज तिच्याशी बांधलेला नाही. मी सुचवलं, गायला बसताना दुसरी तार ट्यूनरपेक्षा केसभर उतरवा, पूर्ण चौदा नको, निम्मी. क्लासचे धडे काढताना ट्यूनरवर परत आणा. त्यांनी तार उतरवली, जी छेडला आणि डोळे मिटून नुसता ऐकत बसल्या. गिटारमध्ये त्यांचं मन तिथे बसलं असं मला वाटतं. एफ लागला तेव्हा नाही.

बसण्याचंही जमवलं. सोफा बंद, बिनहाताची जेवणाच्या टेबलाची खुर्ची. डाव्या पायाखाली देवघरातला जुना पाट, आणि पट्टा गळ्यात, बसूनसुद्धा. खांदा खाली आला. ड्रेडनॉट बदलून लहान पोटाची घ्या असं मी सुचवलं होतं. "लेकाने दिलीये" यावर विषय संपला.

एप्रिल

२०२४ च्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला फोन. "गिटार सतारीसारखी वाजतेय. जवारी लागल्यासारखी." जवारी म्हणजे सतारीची तार घोडीला घासून येणारी झणझण. एवढं नेमकं निदान मला गिटार वाजवणाऱ्यांकडून कधी मिळत नाही.

गेलो. पश्चिमेच्या भिंतीला खुंटी, तिच्यावर गिटार, वर पंखा. हायग्रोमीटर २७ टक्के. पट्टी टॉपवर ठेवली तर आता मधे खळगा. सहावी तार १.९, पहिली १.२. मानेचा बाक जवळपास जुलैत सोडला तेवढाच. म्हणजे सगळी घट टॉपची. पावसात प्यायलेलं पाणी उन्हाळ्याने काढून घेतलं, त्यात मी सॅडलही कापून ठेवलेली. मूळ सॅडल असती तर याच दिवशी २.६ आणि १.९ भरली असती, काहीही न करता. हा हिशोब मी काकूंसमोर वहीवर मांडून दाखवला आणि पुढच्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

डाव्या हाताला आणखी एक गोष्ट लागली. मानेच्या कडेवरून तळवा फिरवला की टोचत होतं. फ्रेटबोर्ड आकसतो, पडद्यांची धातूची तार आकसत नाही. तिची टोकं दोन्ही बाजूंनी डोकावतात. बारीक कानशीने ती घासून टाकली. पण त्याआधी फ्रेटबोर्ड पुसला आणि कापड चिकट झालं.

"काय लावलंत?"

"खोबरेल. कोरडं दिसत होतं. आई नाही का, सतार वाजवताना बोटांना तेल लावायची."

सतारीला ते ठीक, तिथे बोट तारेवरून ओढायचं असतं. इथे खोबरेल लाकडाच्या रंध्रांत बसतं, वास मारतं, धूळ धरतं आणि तारा लवकर मारतं. लायटरचं फ्युएल कापडावर घेऊन ते काढलं (खिडक्या उघड्या, गॅस बंद) आणि खनिज तेलाचे चार थेंब चोळून लगेच पुसून घेतले. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, बस. बाजारात लेमन ऑइल म्हणून मिळतं तेही बहुतांशी खनिज तेलच असतं. तेल निघाल्यावर लाकडाचा खरा रंग आला, जांभळट तपकिरी. काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमच्या देवघराचं लाकूड." बरोबर. १९६० च्या दशकाअखेर ब्राझीलने आपल्या शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हापासून जगातल्या बऱ्याच उत्तम गिटारींची पाठ आपल्या शिसवीची असते. २०१७ मध्ये तिच्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि गिटार कंपन्यांची धावपळ झाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

दोन सॅडल

घासलेली सॅडल पुन्हा वाढत नाही. खाली चकती घालता येते, पण मला ती आवडत नाही. सॅडल आणि लाकूड यांत जे घालाल ते आवाजात येतं. नवी करायची ठरलं. हाडाची करू म्हटल्यावर काकूंचा चेहरा बदलला.

"कसलं हाड?"

बहुतेक म्हशीचं, बैलाचं असतं, मी सांगितलं. आणि हेही, की तंबोऱ्या-सतारींच्या घोडीलाही हाड किंवा सांबरशिंग वापरत आलेत, शिंगावर आता बंदी आहे. त्यांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघितलं, थोडा विचार केला. "आईचं चालत होतं, ते ठीक. माझ्यासाठी नवीन नको." कृत्रिम हाडासारखं कठीण प्लास्टिक मिळतं, त्याची केली. आवाजात फरक पडतो का? थोडा पडतो. मी डोळे मिटून दर वेळी ओळखेन याची पैज मात्र लावणार नाही.

नवी सॅडल जुनीपेक्षा १ मिलिमीटर उंच. २.४ आणि १.७. झणझण गेली, आवाजही वाढला, कारण तार आता सॅडलवरून जास्त तीव्र कोनात खाली वाकत होती. जुनी सॅडल फेकायला निघालो, आणि मग वाटलं, कशाला? ती चुकीची नाही, पावसाळ्याची आहे. डोंगरात एक आणि समुद्राकाठी एक अशी दोन घरं असणारे वादक दोन सॅडल ठेवतात हे मी वाचलं होतं. पुण्यात मार्च-एप्रिल आणि जुलै-ऑगस्ट ही दोन वेगळी गावंच आहेत. दोन छोट्या पुड्या केल्या, काकूंनी त्यांवर बँकेतल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'उन्हाळा', 'पावसाळा'. शिवणाच्या डब्यात ठेवल्या.

शिवाय हवा आवरायला शिकवलं, म्हणजे सॅडल बदलायची वेळ कमी येईल. गिटार भिंतीवरून उतरवून केसमध्ये. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज, मानेखालच्या खळग्यात, टपकता नको. पावसाळ्यात स्पंज बाहेर आणि सिलिका जेलच्या पुरचुंड्या आत. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरायच्या. काटा ४५ ते ५५ मध्ये राहिला तर उत्तम. पुण्यात तो तिथे वर्षभर राहत नाही, ४० ते ६५ मध्ये राहिला तरी मी हात जोडतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत गिटार ठेवायची नाही, दहा मिनिटंही. आत तापमान साठच्या पुढे जातं, डिंक मऊ पडतो आणि सत्तर किलोंचा ताण ब्रिज उचलायला बसलेलाच असतो. तारा वाजवून झाल्यावर सुक्या कापडाने पुसायच्या, खालूनसुद्धा. मी अकराच्या तारा बसवून दिल्या, बोटांनाही हलक्या आणि टॉपलाही.

नवी गिटार वाजवत राहिलं की आवाज 'उघडतो' म्हणतात, तेही काकूंनी विचारलं. मला तसं ऐकू येतं कधी कधी. पण वर्षभरात वाजवणाराही उघडलेला असतो, म्हणून मी यावर शब्द देत नाही.

जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागल्यावर, फोन. मला न बोलावता काकूंनी स्वतः पावसाळ्याची सॅडल बसवली होती. एकेक तार ढिली करून, पिना काढून, सगळं व्हिडिओ कॉलवर लेकाला दाखवत.

"पण सहावी झणझणतेय, आणि पहिली भलतीच उंच. सुरातही नाही."

"काकू, सॅडलवर दुसऱ्या तारेखाली एक मागे सरकलेली खाच आहे बघा. ती कुठल्या बाजूला आहे?"

पलीकडे शांतता. मग टॉर्च लावल्याचा आवाज.

"पाचवीखाली," काकू म्हणाल्या, आणि खो खो हसत सुटल्या. "थांब, फोन ठेवू नको. उलटी करते."